उद्यासाठी ठेवलेला मार्क

बिऱ्हाडे सरांनी मला पहिल्याच दिवशी दहापैकी साडेपाच मार्क दिले. मी बावीस वर्षं जळगावात पार्लर चालवतेय, अर्ध्या जिल्ह्याच्या नवऱ्या माझ्या हातून सजून बोहल्यावर चढल्यात, आणि हा कोण कुठला रिटायर मास्तर मला काठावर पास करतो! मी चिडलेच. पण सरांवर फार वेळ चिडून राहणं कुणालाच जमायचं नाही. मलाही नाही जमलं.

झालं असं, की भर दुपारी पार्लरच्या दारात एक गृहस्थ उभे. पांढरा हाफ शर्ट, खिशात लाल पेन आणि खडूचा तुकडा, काखेत कापडी पिशवी. बायकांच्या पार्लरात शिरायचं कसं म्हणून एक पाय आत, एक बाहेर, आणि चपला मात्र रीतसर काढून ठेवलेल्या. म्हणाले, "ताई, भुताचा मेकअप येतो का?"

खुर्चीतली नवरी डोळ्यांवरच्या काकडीसकट उठून बसली. मी म्हटलं, "नाही बा. मी फक्त नवऱ्या करते."

"मग येतो," सर म्हणाले. "पावडर तीच. फक्त नवरीला वाटतं सगळे आपल्याकडे बघतायत, आणि भुताला वाटतं कुणीच बघत नाहीये. तेवढा फरक चेहऱ्यावर आणा."

मी नमुना म्हणून माझ्या मदतनीस मुलीचं भूत करून दाखवलं. डोळ्यांखाली काळं, ओठांच्या कडेला लाल, केस मोकळे. सरांनी सगळीकडून नीट पाहिलं आणि लाल पेनानं माझ्याच बिलबुकावर लिहिलं, साडेपाच. वर म्हणाले, "हिला बघून भीती वाटते. मला काळजी वाटायला हवी. ही बाई जेवली का, असं वाटलं पाहिजे."

सर पहूरच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवत होते. त्यांच्या हातून दहापैकी नऊच्या वर मार्क कुणाला कधी मिळाले नाहीत. कुणी विचारलंच तर सांगायचे, "एक मार्क उद्यासाठी ठेवायचा. तो पण आज दिला तर पोरगं उद्या शाळेत कशाला येईल?" ही मार्कांची सवय नोकरी संपली तरी गेली नाही. चहावाल्याला मार्क, कंडक्टरला मार्क, लग्नाच्या पंगतीतल्या वांग्याच्या भरतालासुद्धा मार्क. भरताला आठ मिळाले होते, ते मी कानांनी ऐकलंय.

पिशवीत कायम एक कादंबरी असायची. 'शेवटची गासडी' तिचं नाव. जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून त्याच्या गासड्या बांधायचा कारखाना, चालवणाऱ्या धुळ्याच्या एका घराण्याची गोष्ट. घरात एकेक माणूस खचत जातं, कापसाची आवक आटते, बंद पडलेली यंत्रं रात्री आपोआप सुरू झाल्यासारखी वाजतात, एका बाईचं भूत फिरतं, थोरला भाऊ बहिणीला कापसाच्या कोठारात कोंडतो, आणि शेवटच्या प्रकरणात ती बहीण शेवटच्या गासडीला काडी लावून सगळ्यासकट जळून जाते. सर धुळ्याला बी.एड.ला होते, तेव्हा त्यांनी ती कॉलेजच्या वाचनालयातून नेली आणि परत केलीच नाही. आयुष्यात कुणाचा खडूसुद्धा न ढापलेला हा माणूस! त्यावरून घरात उठता-बसता बोलणी खायचे. वहिनींचं, म्हणजे सरांच्या बायकोचं, माहेर पिंपळनेरकडचं, त्यांची अहिराणी म्हणजे सुरी. मी पहिल्यांदा घरी गेले, तेव्हा चहाचा कप हातात देत म्हणाल्या, "बठ्ठा लोके रिटायर हुईसन आराम करतस, आन आम्हनं मानूस चोरीनं पुस्तक लईसन भुतं धुंडी ऱ्हायना!"

सर शांतपणे म्हणाले, "सात. वाक्य चांगलं आहे, पण अतिशयोक्ती."

सरांना त्या कादंबरीचा सिनेमा करायचा होता. पस्तीसेक वर्षं मनात होतं. पोरं कामाला लागली, नोकरी संपली, म्हणाले आता नाही तर कधी. कॅमेऱ्याला शकील. आम्ही दोघं लग्नांत भेटायचो, मी नवरी करायचे आणि तो शूट करायचा. कादंबरीतल्या बहिणीच्या कामाला भुसावळच्या रेल्वे कॉलनीतली पल्लवी, सरांच्या विद्यार्थिनीची मुलगी. शकीलचा हात लग्नाला सरावलेला, त्यामुळे पल्लवी रडायला लागली की तो हमखास तिच्या कानातल्यावर झूम करायचा. सर कपाळाला हात लावून म्हणायचे, "शकीलभाऊ, दागिने नंतर. आधी बाई."

पण हे सगळं पुढचं. आधी परवानगी हवी होती, आणि खरी गोम तिथेच होती.

कादंबरी लिहिणाऱ्या बाई हयात होत्या. धुळ्यात सगळे त्यांना अक्का म्हणत. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, दोन खोल्यांच्या फ्लॅटात एकट्या. आम्ही गेलो तेव्हा सरांनी पिशवीतून पुस्तक काढून पुढे ठेवलं, वाचनालयाच्या शिक्क्यासकट. अक्कांनी ते हातात घेतलं, उघडलं मात्र नाही. म्हणाल्या, "माझ्याकडे एकही प्रत नाही. मीच ठेवली नाही."

मग त्यांनी सांगितलं ते असं. जिनिंग त्यांच्या वडिलांची. वडील गेल्यावर धाकटा भाऊ चालवू लागला. त्याच सुमारास अक्कांनी ही कादंबरी लिहिली. भूत, कोंडणं, आग, सगळं मनानं रचलेलं. पण गावानं घराणं ओळखलं. 'भुताची जिनिंग' असं लोक म्हणायला लागले. वर्षभरात कापसाची आवक कमी झाली, पाच-सहा वर्षांत जिनिंग बंद. तेव्हापासून भाऊ बोलत नाही. एकाच शहरात राहून चाळीस वर्षं.

"माझ्या पुस्तकानं माझ्या भावाची जिनिंग बुडवली," अक्का म्हणाल्या. "त्या दिवसापासून मी एक ओळ लिहिली नाही. तुम्ही सिनेमा करा, माझी ना नाही. पण बाळूनं हो म्हटलं, तरच."

बाळू म्हणजे तो धाकटा भाऊ. गाव त्यांना आबा म्हणायचं. वय सत्तरीच्या पुढे. बंद जिनिंगच्या आवारातच, जुन्या ऑफिसच्या दोन खोल्यांत राहायचे. सर पहिल्यांदा गेले, तेव्हा आबांनी फाटकातूनच विचारलं, "कोणत्या पुस्तकाचा सिनेमा?" नाव ऐकलं आणि फाटक लावून घेतलं.

दुसरा कुणी असता तर परत फिरला असता. सर दर रविवारी सकाळच्या बसनं जळगावहून धुळ्याला जायला लागले. फाटकाबाहेर दगडावर बसायचे, डब्यातली कळण्याची भाकर खायचे, दुपारच्या बसनं परत. मी म्हटलं, "सर, काय हा हट्ट! माणूस तोंड बघायला तयार नाही." तर म्हणाले, "वर्गात मागच्या बाकावर एक पोरगं असतं, सुरेखाताई. ते बोलत नाही, वही दाखवत नाही. त्याच्याशी बोलायला जायचं नाही. त्याच्या शेजारी जाऊन बसायचं."

चौथ्या रविवारी आबांनी आतून खुर्ची पाठवली. पाचव्या रविवारी स्वतः आले आणि म्हणाले, "मास्तर, एवढं काय आहे त्या पुस्तकात?"

तेव्हा सरांच्या लक्षात आलं की या माणसानं ते पुस्तक वाचलेलंच नाही! चाळीस वर्षं अबोला धरला, तो लोकांच्या सांगण्यावरून. सरांनी चष्मा पुसला आणि फाटकातच पहिलं प्रकरण वाचायला घेतलं.

असे सात-आठ रविवार गेले. एकदा जागा बघायला म्हणून मी आणि शकील सोबत गेलो होतो, तेव्हाचं आठवतं. सर वाचतायत, वर्गात वाचत तसे, थांबून, मान वर करून, ऐकणाऱ्याला कळलं का ते बघत. आबा डोळे मिटून. मध्येच म्हणाले, "त्या साली कपाशीवर बोंडअळी नव्हतीच. अक्काला शेतीतलं काय कळतं!" भाऊ बहिणीला कोंडतो ते प्रकरण आलं, तसे आबा ताडकन उठले. "हा मी? मी तिला कोंडलं? अहो, तिला सायकल मी शिकवली! सगळं धुळं हसत होतं, तरी मी मागे पळायचो!"

"म्हणून तर सांगतो, हा तुम्ही नाही," सर म्हणाले.

आबा परत खाली बसले आणि म्हणाले, "पुढचं वाचा."

शेवटचं प्रकरण मात्र त्यांनी वाचू दिलं नाही. त्यात आग होती, हे त्यांनी ऐकलं होतं. म्हणाले, "जिनिंग घ्या, शूटिंग करा. पण इथे आग लावायची नाही. खोटी पण नाही. माझ्या बापाची जागा आहे."

झालं! बाईंनी लिहिलेला शेवट आगीचा, आणि आग लावायची नाही. मी सरांना म्हटलं, "बदला की शेवट. सिनेमावाले काय काय बदलतात." सर माझ्यावर असे चिडले की बोलायची सोय नाही. शर्टाच्या बाह्या दुमडायला लागले. सरांना राग आला की ते बाह्या दुमडायचे, आणि हाफ शर्टाच्या बाह्या त्या किती दुमडणार! म्हणाले, "दुसऱ्याच्या पेपरवर आपण शेरा लिहितो, ताई. उत्तर लिहीत नाही. ते पाप आहे." बाकीचं शूट करू, शेवटाचं शेवटी बघू, असं ठरलं. सरांच्या चेहऱ्यावर चिंता दिसत होती. पस्तीस वर्षांचा सिनेमा बिनशेवटाचा राहिला असता.

दिवाळीनंतर शूटिंग सुरू झालं. पहिलाच सीन घराण्याच्या भरभराटीचा होता, काटापूजनाचा. आमच्याकडे हंगाम सुरू होताना जिनिंगमध्ये वजनकाट्याची पूजा करतात, पहिली गाडी आणणाऱ्या शेतकऱ्याला टोपी-उपरणं, नारळ देतात. सरांना ते हुबेहूब हवं होतं. आदल्या दिवशी काटा धुऊन पुसून हळदीकुंकू लावलं, फाटकाला झेंडूची तोरणं, आणि रस्त्याकडेला हातानं रंगवलेला मोठा फलक: 'काटापूजन व कापूस खरेदीचा शुभारंभ, सर्व शेतकरी बांधवांना आग्रहाचे निमंत्रण.' पेंटरकडून सरांनी तीनदा शुद्धलेखन दुरुस्त करून घेतलं. मग लांब जाऊन फलकाकडे बघितलं आणि स्वतःलाच म्हणाले, "साडेआठ." मीही बघितलं, शकीलनंही बघितलं. हा सिनेमाचा फलक आहे असं कुठेतरी लिहायला हवं, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी कुणीतरी येता-जाता त्याचा फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो पुढच्या गावाच्या ग्रुपवर गेला.

सकाळी आम्ही पोचलो तर फाटकापासून पार वळणापर्यंत रांग. ट्रॅक्टर, टेम्पो, छोटे हत्ती, सगळे कापसानं शिगोशीग भरलेले. चाळीस वर्षं बंद जिनिंगपुढे! लोक हॉर्न वाजवतायत, एकजण विचारतोय टोपी-उपरणं कुणाला भेटणार. आई गं! शकील म्हणाला, "सर, आज आपल्याला मारतात." सरांचा चेहरा पांढराफटक. पावडर न लावता भूत झालेला मी तेवढा एकच बघितला.

त्याच वेळी अक्का रिक्षानं आल्या. सरांनी त्यांना बोलावलं होतं. पण त्या आत येईनात. फाटकाबाहेरच्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाळूनं बोलावल्याशिवाय मी आत येणार नाही." हे आबांच्या कानावर घातलं, तर आबा म्हणाले, "मी अडवलं का? येऊ दे की. पण मी बोलावणार नाही." घ्या! पंचाहत्तरीची दोन लेकरं.

सर रांगेपुढे जाऊन उभे राहिले आणि हात जोडले. म्हणाले, "चूक माझी आहे. हा सिनेमा आहे. जिनिंग बंदच आहे. मी मास्तर असून वाक्य अर्धं लिहिलं." आरडाओरडा सुरू झाला. डिझेल जाळून आलेले लोक, चिडणारच. तेवढ्यात काठी टेकत आबा बाहेर आले. रांगेकडे बघत राहिले. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली. मग खिशातून फोन काढून हायवेवरच्या एका ओळखीच्या जिनिंगमालकाला लावला, आणि "इतक्या गाड्या पाठवतोय, आजच्या आज खाली करून घे, रांगेत ताटकळत ठेवू नको," असं दटावून सांगितलं. ओरडा थांबला.

सगळ्यात पुढच्या ट्रॅक्टरवर एक म्हातारा शेतकरी होता. आबांना ओळखून खाली उतरला. "मना बाप अठेच कापूस लयी ये, आबा. माले वाटनं, जिनिंग परत चालू झायी."

आबांनी त्याला विचारलं, "भुताची जिनिंग म्हणतात हिला. इथे कापूस आणायला भीती नाही वाटली?"

म्हातारा हसला. "भूत भाव चांगला देत व्हई, ते आम्हले काय!"

"मग तेव्हा का बंद केलंत? पुस्तक आलं, लोक घाबरले, आवक बसली."

"कोनतं पुस्तक?" म्हाताऱ्यानं मागच्यांकडे वळून बघितलं. कुणालाच माहीत नव्हतं. "आम्ही कोठे पुस्तकं वाचतस, आबा! तुम्हनी मशीन हाळू चाले. दोन-दोन दिन बैल उभा ऱ्हायेत. हायवेले नवी जिनिंग झायी, तठे तासभरमा गाडी खाली. मंग अठे कोन येई? भुताची म्हनेत ते नुसती गंमत."

आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभेच राहिले. मग ते फाटकाबाहेरच्या खुर्चीकडे वळले आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा बहिणीशी बोलले.

"अक्का, ऐकलंस का? तुझ्या पुस्तकानं नाही गं. मशीन हळू होती. ते कुणी वाचलंच नाही!"

अक्का उठल्या होत्या. तोंडावर पदर, डोळ्यांतून पाणी. चाळीस वर्षं छातीवर धोंडा घेऊन जगलेली बाई, आणि तो धोंडा त्या म्हाताऱ्यानं बोलता बोलता बाजूला सारला. मला वाटलं आता त्या आत धावत येतात. पण त्या तिथेच थांबल्या, डोळे पुसले आणि जरा दुखावल्या आवाजात म्हणाल्या, "कुणीच नाही? एकानंसुद्धा नाही?"

तेव्हा सरांनी हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा, कोपर सरळ ठेवून. "मी वाचलंय, अक्का. एकवीस वेळा."

आधी अक्का हसल्या, मग आबा, मग ट्रॅक्टरवरचे लोकसुद्धा. मी तर रडत होते आणि हसतही होते, माझंच काजळ माझ्या गालावर आलेलं. आबा म्हणाले, "ये आता आत. चहा टाकायला सांगतो." म्हणजे बोलावलंच की नाही शेवटी!

चहा पिताना अक्कांनी सरांकडून लाल पेन मागून घेतलं. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण उघडलं आणि त्यावर उभी रेघ मारली. सर दचकले. अक्का म्हणाल्या, "खरं सांगू का, मास्तर? तेव्हा मला शेवट सुचतच नव्हता. म्हणून सगळं पेटवून दिलं. तुम्ही आज दारात गाड्या आणल्यात, तोच शेवट घ्या."

पण गाड्या तर निघून गेल्या होत्या. तेव्हा शकील खाकरला. लग्नात कॅमेरा बंद केला की नेमका हार घालायचा क्षण हुकतो, ही त्याच्या धंद्यातली जुनी भीती, त्यामुळे तो काही झालं तरी बंद करत नाही. सकाळपासूनची सगळी रांग त्यानं घेतली होती. सरांनी त्याला तिथल्या तिथे नऊ दिले, आणि आमच्या सिनेमात बहीण हातात काडेपेटी धरून बसलेली असताना बाहेरून हॉर्न ऐकू येतात, ती दार उघडते, आणि वळणापर्यंत गाड्या उभ्या असतात. आगीची भानगडच मिटली.

सिनेमा आम्ही जिनिंगच्या गोदामाच्या भिंतीवर पांढरं कापड लावून दाखवला. काही गावांत दाखवला. बस, एवढंच. पुढे कुठे गेला नाही, आणि सरांनाही त्याचं काही वाटलं नाही. आबा-अक्का शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसून पूर्ण वेळ भांडत होते, कपाशीचं कुठलं वाण होतं यावरून.

दोन वर्षांनी सर गेले. झोपेतच. वहिनींचा फोन आला तेव्हा मी भुसावळला एका नवरीचा मेकअप करत होते, आणि लग्नघर सोडून निघता येईना. त्यामुळे त्यांना अखेरचं बघणं झालं नाही. सुरुवातीला फार लागलं ते मनाला. आता वाटतं, झालं ते बरंच झालं, कारण माझ्या मनात जे सर राहिलेत, ते वेगळेच आहेत.

गोदामात सिनेमा दाखवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, सामान आवरायला मागे राहिलेले आम्ही त्यांना धुळ्याच्या स्टँडवर सोडायला गेलो. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, कळेना काय. मग लक्षात आलं, काखेत पिशवी नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "अक्कांकडे दिलं पुस्तक. त्यांच्याकडे नव्हतं ना एकही. चोरी पण फिटली." इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळे दिसले मला ते. हात कुठे ठेवावेत तेही कळत नव्हतं त्यांना. एकदा पाठीमागे बांधले, एकदा खिशात घातले.

बस सुटली तशी मी खिडकीशी धावले आणि ओरडून विचारलं, "सर, माझे किती? भुताचे? एकदाही सातच्या वर गेला नाहीत तुम्ही!"

सरांनी दोन्ही हात खिडकीबाहेर काढले. बोटं पसरलेली, आणि एक अंगठा तेवढा दुमडलेला.